स्वनातीत प्रवासी विमाने: खाली राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका गावी मी विज्ञान शिकवतो. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ झाले की शाळेच्या मैदानावरून विमानांच्या पांढऱ्या रेषा मोजण्याचा मुलांचा उद्योग सुरू होतो आणि त्या रेषांबरोबर प्रश्नही येतात. पुढे पालकांनी आणि शेजारच्या गावांतील लोकांनी त्यांत भर घातली. स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानांविषयीचे बहुतेक लेखन तिकीट काढू शकणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेले असते. ही प्रश्नोत्तरे विमान ज्यांच्या डोक्यावरून जाईल त्यांच्यासाठी आहेत. माझ्या मते नव्या पिढीच्या रचनेतला मुख्य प्रश्नही तोच आहे. वेग गाठण्याचे कोडे १९६९ मध्येच सुटले होते, अडले ते खालच्या माणसापाशी.

आमच्या गावावरून जाणारी विमाने स्वनातीत असतात का?

नाही. नागपूर देशाच्या जवळजवळ मध्यावर असल्यामुळे आग्नेय आशियातून आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी अनेक विमाने विदर्भावरून जातात, पण ती सर्व ध्वनीपेक्षा कमी वेगाने, ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतात. आज जगात एकही स्वनातीत प्रवासी विमान सेवेत नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बांधलेल्या कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचे शेवटचे प्रवासी उड्डाण २४ ऑक्टोबर २००३ रोजी झाले. आज शाळेत असलेल्या कोणत्याही मुलाच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे.

‘मॅक’ म्हणजे नेमके किती किलोमीटर?

मॅक हे किलोमीटरसारखे ठरलेले माप नाही. विमानाचा वेग तेथील हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट आहे, हे ते सांगते. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो: १५ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर अकरा किलोमीटर उंचीवरील उणे ५६ अंशांच्या हवेत सुमारे २९५ मीटर. म्हणून उंचावर मॅक १.७ म्हणजे ताशी सुमारे १,८०० किलोमीटर होतात. तापमानाचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्या एका क्षणी स्फोटासारखा आवाज होतो, हे खरे का?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. आवाज त्या क्षणापुरता नसतो. विमान ध्वनीपेक्षा वेगाने उडत असते तितका सर्व वेळ तो त्याच्यामागे जमिनीवरून ओढला जात असतो. वैनगंगेवर डोंगा वेगाने निघाला की त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना तिरकी लाट सुटते आणि काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पायाशी ती एकेकदा येऊन थडकते. डोंगा लाटेपेक्षा वेगात असल्याने लाट त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. विमानाचेही तसेच, फक्त लाट पाण्याऐवजी हवेत आणि दोन बाजूंऐवजी चहूबाजूंनी, शंकूच्या आकारात पसरते. त्या शंकूची कड जमिनीवर ज्याच्या अंगावरून जाते त्याला दाबाचा अचानक धक्का बसतो. हाच ध्वनिस्फोट.

आपल्याकडे याचा लहानसा नमुना प्रत्येकाने ऐकलेला आहे. आसूड हवेत कडाडतो तेव्हा त्याचे निमुळते टोक क्षणभर ध्वनीपेक्षा वेगाने जाते आणि तो ‘कडाड’ म्हणजे एक छोटा ध्वनिस्फोटच असतो. शंकरपट पाहिलेल्या मुलांना हे सांगितले की फळ्यावर आकृती काढण्याची गरज उरत नाही.

विमान पंधरा किलोमीटर उंचीवर असेल तर हा आवाज ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी साधारण ऐंशी किलोमीटर भरते, म्हणजे ढोबळमानाने नागपूर ते वर्धा एवढी. एका विमानाने नागपूरहून मुंबईची वाट स्वनातीत वेगाने धरली, तर वाटेतील प्रत्येक गावाला तो धक्का एकदा मिळेल, आणि दिवसाला अशी दहा विमाने गेली तर दहादा.

हा धक्का किती मोठा असतो? घरांना तडे जातील का?

कॉन्कॉर्डच्या धक्क्यात हवेचा दाब सुमारे ९५ पास्कलने वाढत असे. वातावरणाचा एकूण दाब एक लाख पास्कलहून अधिक असल्याने ही वाढ हजारांशापेक्षाही कमी होते. पण कान आणि मन एकूण दाबाकडे पाहत नाहीत, दाब किती अचानक बदलला याकडे पाहतात. विमानाच्या टोकाशी दाब एकदम चढतो, मग हळूहळू उतरत सामान्य दाबाच्याही खाली जातो आणि शेपटीशी पुन्हा एकदम पूर्ववत होतो. त्यामुळे लागोपाठ दोन दणके ऐकू येतात.

वणी, राजुरा, उमरेड या कोळसापट्ट्यातील वाचक येथे सुरुंगांची आठवण काढतात आणि ती रास्त आहे, परंतु एक फरक आहे. खाणीतील सुरुंगाचा हादरा प्रामुख्याने जमिनीतून येतो आणि पायापासून भिंत हलवतो. ध्वनिस्फोटाचा धक्का हवेतून येतो, त्यामुळे तो पत्रे, तावदाने आणि सैल कौले यांना आधी जाणवतो. चांगल्या बांधकामाला त्याने सहसा इजा होत नाही, मात्र आधीच तडकलेली काच फुटू शकते.

माणसांना किती सहन होते, याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९६४ मध्ये झाला. सहा महिन्यांत त्या शहरावर १,२५३ ध्वनिस्फोट मुद्दाम घडवण्यात आले. शेवटी पावपेक्षा थोड्या अधिक नागरिकांनी आपल्याला याची सवय होणे शक्य नाही, असे सांगितले. बाकीचे तयार होते असे त्यावेळी मांडले गेले; परंतु शहराचा चौथा हिस्सा नाही म्हणतो आहे, हा आकडा माझ्या दृष्टीने पुरेसा बोलका आहे.

कॉन्कॉर्ड इतके उत्तम होते, तर ते बंद का पडले?

लोक २५ जुलै २००० च्या अपघाताचे नाव घेतात. पॅरिसजवळच्या त्या अपघातात ११३ जीव गेले हे खरे, पण विमानात सुधारणा करून नोव्हेंबर २००१ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली होती. खरी दुखणी जन्मापासूनची होती. सुमारे शंभर प्रवासी नेण्यासाठी त्यात ९५ टनांपर्यंत इंधन भरता येत असे, आणि लंडन ते न्यूयॉर्क या साडेतीन तासांच्या प्रवासात दर प्रवाशामागे जवळजवळ एक टन इंधन जळत असे. त्याहून मोठे दुखणे आवाजाचे. अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून प्रवासी विमानांच्या स्वनातीत उड्डाणावर बंदी घातली आणि इतर देशांनीही दारे लावली, त्यामुळे जगभर उडण्यासाठी बांधलेल्या विमानाला अखेरीस अटलांटिक महासागरच काय तो उरला.

यात भारताचाही एक धागा आहे. एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता; ती खरेदी कधी झाली नाही. पुढे लंडन–बहारीन–सिंगापूर ही सेवा सुरू झाली, तेव्हा भारताच्या हवाई हद्दीत ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडण्याची परवानगी मिळाली नाही आणि १९८० मध्ये ती सेवा थांबवावी लागली. एकूण वीस कॉन्कॉर्ड बांधली गेली, त्यांपैकी चौदाच प्रवासी सेवेत आली. सोव्हिएत टीयू-१४४ ने तर ३१ डिसेंबर १९६८ रोजी, कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी आकाश गाठले होते, पण त्याची प्रवासी सेवा पंचावन्न फेऱ्यांतच आटोपली.

या विमानांचे नाक इतके लांब आणि पंख त्रिकोणी का असतात?

ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या विमानाची चाहूल हवेला आधी लागते आणि ती बाजूला सरू लागते. स्वनातीत विमानाची वर्दी हवेला मिळतच नाही, म्हणून ती जागच्या जागी दाबली जाते आणि आघात तरंग निर्माण होतात. हे तरंग निर्माण करण्यात जी शक्ती खर्च होते तिला तरंगरोध म्हणतात. तो कमी करण्याचा उपाय म्हणजे विमान लांब व सडपातळ ठेवणे आणि त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ टोकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलू देणे. पंख जेथे सुरू होतात तेथे धड थोडे आवळले जाते, ते याच कारणाने.

त्रिकोणी पंख या वेगाला मानवतो, कारण तो नाकापासून निघालेल्या शंकूच्या आत राहतो. मात्र उतरताना तोच अडचणीचा ठरतो. कमी वेगात पुरेशी उचल मिळावी म्हणून विमानाला नाक बरेच वर करून उतरावे लागते आणि वैमानिकाला धावपट्टीच दिसत नाही. कॉन्कॉर्डचे नाक खाली झुकवता येत असे ते त्यासाठीच. नव्या रचनांमध्ये ते अवजड यंत्र काढून नाकावर कॅमेरे आणि वैमानिकापुढे पडदा अशी सोय केलेली आहे.

रचनेची खरी किंमत एका गुणोत्तरात दिसते. साधे प्रवासी विमान सतरा-अठरा टन वजन पेलताना सुमारे एक टन रोध, म्हणजे हवेचा अडथळा, सोसते. कॉन्कॉर्डला मॅक २ च्या वेगात तोच एक टन रोध सात-साडेसात टनांमागे सोसावा लागे. पंख आणि धड कितीही घासूनपुसून गुळगुळीत केले तरी हे अंतर पूर्ण मिटत नाही. स्वनातीत वेगाचा हा कर भौतिकशास्त्रच वसूल करते.

आणखी एक गंमत बंडी हाकणाऱ्यांना लगेच कळते. बंडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलार होते. विमान ध्वनीचा वेग ओलांडते तेव्हा त्याला उचलून धरणाऱ्या बलाचा मध्यबिंदू मागे सरकतो, आणि तोल राखायचा तर वजनही मागे न्यावे लागते. कॉन्कॉर्डमध्ये त्यासाठी उडता उडता टनावारी इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत पंपाने पाठवत आणि वेग कमी करताना ते पुन्हा पुढे आणत.

नवी विमाने कॉन्कॉर्डपेक्षा हळू का?

अमेरिकेतील बूम या कंपनीच्या प्रस्तावित ‘ओव्हर्चर’ विमानाचा वेग मॅक १.७ ठेवला आहे, तर कॉन्कॉर्ड मॅक २ च्या थोडे वर उडत असे. अर्धशतकानंतर वेग कमी झाला याची मुलांना निराशा वाटते, पण मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो.

कारण उष्णतेचे आहे. समोरची हवा विमानावर येऊन थांबते तेव्हा ती तापते, आणि हे तापणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उणे ५६ अंशांच्या हवेतही मॅक २.०४ ला नाकाशी सव्वाशे अंशांच्या आसपास तापमान होते, मॅक १.७ ला ते सत्तर अंशांच्या घरात राहते. कॉन्कॉर्ड उड्डाणात तापून पंधरा-वीस सेंटिमीटर लांब होत असे, त्यासाठी खास ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरावा लागला आणि उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा लागला. सत्तर अंश तापमानात कार्बनतंतूंचे हलके संमिश्र पदार्थ निर्धास्त वापरता येतात. थोडा वेग सोडला की वजन, इंजिन आणि देखभाल या तिन्ही आघाड्यांवर श्वास घ्यायला जागा मिळते.

इंजिनात एवढे अवघड काय आहे?

आजच्या प्रवासी विमानांची इंजिने रुंद तोंडाची असतात. मोठा पंखा भरपूर हवा सावकाश मागे ढकलतो, म्हणून इंधन वाचते आणि आवाजही कमी होतो. हीच रुंदी स्वनातीत वेगात रोध होऊन आडवी येते. इंजिन अरुंद करावे तर थोडी हवा फार वेगाने बाहेर फेकावी लागते, आणि झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती २५६ पट. म्हणजे विमानतळाशेजारी राहणाऱ्यांचा त्रास वेगळाच. कॉन्कॉर्ड उड्डाण घेताना आफ्टरबर्नर पेटवत असे, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोतात पुन्हा इंधन जाळत असे. ओव्हर्चरसाठी आखलेल्या ‘सिंफनी’ इंजिनात आफ्टरबर्नर नाही.

शिवाय इंजिनाची पाती स्वनातीत हवा घेऊ शकत नाहीत. तोंडाशी आलेली हवा काही मीटरच्या बोगद्यातच ध्वनीच्या वेगाखाली आणावी लागते. कॉन्कॉर्डमध्ये संगणकाने हलणाऱ्या झडपा हे काम करत.

मोठ्या इंजिन कंपन्या या फंदात पडायला फारशा उत्सुक नाहीत. रोल्स-रॉइस २०२२ मध्ये ओव्हर्चरच्या कामातून बाहेर पडली, त्यानंतर बूमने स्वतःच इंजिन घडवून घेण्याचे ठरवले. विमान आणि इंजिन दोन्ही नवी असतील तर विलंबाची शक्यता दुणावते. या उपक्रमातील सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो.

आवाज कमी करणारे ते लांब नाकाचे विमान कोणते?

नासाचे एक्स-५९. लॉकहीड मार्टिनने बांधलेले हे विमान प्रवासी नव्हे, फक्त प्रयोगाचे आहे. लांबी सुमारे ३० मीटर, पंखांचा पसारा जेमतेम ९ मीटर, आणि एकूण लांबीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नुसते नाक. वैमानिकाला पुढची काचच नाही, तो पडद्यावर पाहतो. इंजिन पाठीवर बसवले आहे, त्यामुळे त्याचे तरंग थेट खाली येत नाहीत. हे इंजिन एफ-४१४ कुळातील आहे, आणि त्याच कुळातील इंजिन आपल्या तेजस मार्क २ या लढाऊ विमानासाठी निवडलेले आहे.

त्यामागची कल्पना अशी. विमानाच्या नाकापासून, पंखांपासून, शेपटीपासून वेगवेगळे तरंग निघतात. खाली येईपर्यंत ते एकमेकांना गाठून दोन मोठ्या धक्क्यांत एकवटतात. विमानाचा आकार असा घडवला की हे तरंग एकमेकांना गाठूच शकणार नाहीत, तर जमिनीवर दणका न पोहोचता एक बुजका ‘धप्’ पोहोचतो. आकाराने धक्का बदलता येतो, हे २००३ मध्ये एका एफ-५ लढाऊ विमानाचे नाक बदलून प्रत्यक्ष दाखवले गेले होते. कॉन्कॉर्डचा जाणवणारा आवाज सुमारे १०५ डेसिबल होता. एक्स-५९ चे लक्ष्य ७५ आहे, म्हणजे शेजारच्या अंगणात कोणी मोटारीचे दार लावावे तितके. हे विमान २८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथम उडाले. ते उड्डाण ध्वनीपेक्षा कमी वेगाचे होते. पुढे ते वस्त्यांवरून नेऊन लोकांना काय ऐकू आले हे विचारण्याची योजना आहे. रचनाकारांनी खालच्या माणसाचे मत हेच मोजमाप मानावे, हा ओक्लाहोमानंतरचा मोठा बदल आहे.

धक्का जमिनीपर्यंत पोहोचूच नये, असे करता येते का?

एका मर्यादेत येते, आणि येथे तापमानाचा तो मुद्दा कामाला येतो. थंडीच्या पहाटे दूरच्या गावातील काकडआरती किंवा रेल्वेची शिट्टी स्पष्ट ऐकू येते, तीच मे महिन्याच्या दुपारी येत नाही. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे ध्वनी खाली वाकतो; दुपारी जमीन भाजत असते, म्हणून तो वर वळतो. उंच आकाश नेहमीच जमिनीजवळच्या हवेपेक्षा थंड असल्याने विमानाकडून खाली येणारे तरंगही वर वळत येतात. वेग मॅक १ पेक्षा थोडासाच जास्त असेल तर ते जमिनीला टेकण्यापूर्वीच माघारी फिरतात. ३४० ला २९५ ने भागले की सुमारे १.१५ येते, शांत हवेतील ही ढोबळ मर्यादा. उन्हाळ्यात ती थोडी वाढते, हिवाळ्यात घटते, वारा तिला दोन्हीकडे ओढतो.

बूमच्या एक्सबी-१ या लहान चाचणी विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटावर मॅक १.१२ गाठला, तेव्हा जमिनीवर धक्का ऐकू आला नाही, तो या तत्त्वामुळे. कंपनी हवामान अनुकूल असताना मॅक १.३ पर्यंतच्या नीरव उड्डाणाची भाषा करते. परंतु मॅक १.७ ला ही युक्ती चालत नाही. त्या वेगात धक्का खाली येणारच.

अमेरिकेतील बंदी उठली, म्हणजे आता सर्वत्र परवानगी का?

तसे नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ६ जून २०२५ रोजी ती बंदी हटवण्याचा आदेश तेथील विमान वाहतूक यंत्रणेला दिला. तो त्यांच्या जमिनीपुरता आहे. प्रत्येक देश आपल्या आकाशाचा नियम स्वतः ठरवतो.

मग नागपूर ते मुंबई अर्ध्या तासात?

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे आणि मॅक १.७ ने भागाकार केला तर तेवीस मिनिटे येतात, हे खरे. पण उंची गाठणे, वेग वाढवणे, तो पुन्हा कमी करणे आणि उतरणे यांतच एवढे अंतर संपून जाते. स्वनातीत वेगाचा लाभ फक्त लांब पल्ल्यात मिळतो. नागपूर ते लंडन हे सुमारे साडेसात हजार किलोमीटर अंतर ओव्हर्चरच्या जाहीर पल्ल्यात कागदावर बसते, मात्र तो मार्ग जवळजवळ संपूर्ण जमिनीवरून जातो. वाटेतील देशांनी परवानगी दिली नाही तर तेथे ते मॅक ०.९४ नेच उडेल आणि नेहमीच्या विमानापेक्षा फारच थोडा वेळ वाचवील.

हवामानावर परिणाम?

इंधन प्रवाशामागे कित्येक पट जास्त लागते, आणि वनस्पतिजन्य किंवा कृत्रिम इंधन वापरले तरी तेच दुर्मीळ इंधन जास्त जळते. शिवाय ही विमाने सोळा-अठरा किलोमीटर उंचीवर, ओझोनच्या थरात उडतात; तेथे सोडलेले नायट्रोजनचे ऑक्साइड ओझोनची हानी करतात आणि पाण्याची वाफ पावसावाटे धुतली न जाता दीर्घकाळ टिकते. ज्यांचे पीक पावसाच्या लहरीवर आहे त्यांनी या मुद्द्याविषयी रचनाकारांपेक्षा अधिक कठोर असणे मला गैर वाटत नाही.

गाई-म्हशींना त्रास होईल का?

जनावरे प्रथम दचकतात आणि पुढे बहुतेकांना सवय होते, असे निरीक्षण आहे. औताला जुंपलेली जोडी दचकली तर काय, याचे उत्तर शेतकऱ्याने मला विचारण्यापेक्षा मीच त्याला विचारावे.

या कामात विदर्भातील मुलांना काही वाव आहे का?

विमानाचे हलके संमिश्र भाग ही दूरची गोष्ट नाही. बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या संमिश्र तुळया नागपूरच्या मिहानमधील टाटा समूहाच्या कारखान्यात बनल्या आहेत, आणि एअर इंडियाच्या विमानांच्या देखभालीचे केंद्रही तेथेच आहे. स्वनातीत प्रवाहाचा अभ्यास करायचा तर बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९६७ पासून मॅक ४ पर्यंत चालणारा वायुबोगदा आहे. बारावीनंतर वैमानिकी अभियांत्रिकीसाठी मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटींचा विचार करावा.

असे विमान कधी आलेच आणि आवाज ऐकू आला, तर ते आकाशात कुठे शोधावे?

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीचा आहे आणि तिने त्याचे उत्तर आधीच ‘डोक्यावर नाही’ असे ठरवून ठेवले होते. ते बरोबर आहे. विमान १८ किलोमीटर उंचीवर मॅक १.७ ने चालले असेल, तर त्याचा शंकू आपल्यापर्यंत येईस्तोवर ते सुमारे पंचवीस किलोमीटर पुढे निघून गेलेले असते आणि डोक्यावरून जाऊन त्याला पाऊण मिनिटाहून अधिक काळ लोटलेला असतो. ते ज्या दिशेला चालले आहे तिकडे, क्षितिजापासून साधारण पस्तीस अंश वर पाहावे. तळहात पूर्ण उघडून हात समोर ताणला की अंगठा ते करंगळी वीस अंश भरतात. त्याच्या पावणेदोन पट उंचीवर, ऊन तिरपे असेल तर ते चमकताना दिसेल.